धांवण्याच्या वाटांचें स्थलांतर

पहांटे साडेपांचच्या सुमारास मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कोणी उभा राहिला, तर नरिमन पॉइंटपासून गिरगांव चौपाटीकडे धांवत जाणाऱ्या माणसांची एक तुटक रांग त्याच्या दृष्टीस पडेल. त्यांत वकील असतात, बँकेंतले नोकर असतात, नातवंडांना शाळेंत पोंचविण्यापूर्वीं घटकाभर सवड काढून आलेल्या आज्याही असतात. बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ किंवा दंडाला बांधलेला मोबाइल फोन असतो. आणि पाय रस्त्यावर पडत असतांना त्या यंत्रांत त्यांच्या वाटेची एक रेघ उमटत जाते. घाम वाळतो, दिवस कामांत निघून जातो, रेघ मात्र शिल्लक राहते. ही रेघ राहते कोठें, ती कोणाच्या मालकीची, आणि तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं न्यावयाचें झाल्यास तिचें काय होतें, हे प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. ते तसे नाहींत, हें पुष्कळांना एका विशिष्ट वर्षाच्या अखेरीस कळून आलें.

तें वर्ष २०२०. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें २००७ सालीं एंडोमोंडो नांवाची एक सेवा सुरू झाली होती. धांवणाऱ्यानें, चालणाऱ्यानें किंवा सायकल चालविणाऱ्यानें आपला मार्ग, वेळ आणि अंतर तिच्या नोंदवहींत टिपावें, आवडत्या वाटा आंखून ठेवाव्या, मित्रांना दाखवाव्या, असा तिचा व्यवहार. २०१५ सालीं अंडर आर्मर या अमेरिकन कंपनीनें ती ८ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेतली. त्या वेळीं तिच्या सभासदांची संख्या २ कोटींच्या घरांत होती. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं ती बंद झाली. बंद करणाऱ्यांनीं पूर्वसूचना दिली, सामान हलविण्यास अवधि दिला, आपल्याच मालकीच्या मॅपमायरन या दुसऱ्या सेवेकडे जाण्याचा रस्ताही दाखविला. तेव्हां त्यांच्यावर बेमुर्वतपणाचा आरोप करतां येणार नाहीं. परंतु ज्यानें वर्षानुवर्षें सकाळीं उठून आपल्या पायांनीं ती वही भरली होती, त्याला एक गोष्ट नव्यानें उमगली. ज्याला तो आपलें घर समजत होता, तें बिऱ्हाड होतें.

अशा बिऱ्हाड-बदलाच्या वेळीं उपयोगी पडावें म्हणून इंटरनेटवर एक लहानसें साधन निर्माण झालें आहे. एक नव्हे, त्या जातीचीं अनेक आहेत. कांहीं एखाद्या प्रोग्रामरनें स्वतःची अडचण दूर करण्यासाठीं लिहिलेलीं, कांहीं फुकट, कांहीं अल्प मूल्य घेऊन काम करणारीं. दिसावयास साधन अगदीं साधें असतें. एका बाजूस जुन्या सेवेचें नांव, दुसऱ्या बाजूस नव्या सेवेचें. मध्यें वाटांची यादी आणि प्रत्येकीपुढें खूण करण्यास एक चौकोन. खुणा कराव्या, बटन दाबावें आणि चहा होईपर्यंत वाट पाहावी, कीं शंभर वाटा या दारांतून निघून त्या दारांत शिरलेल्या असतात. पण त्या चहाच्या अवधींत आंत काय घडतें तें समजून घेण्यासारखें आहे. कारण चुका होतात त्या तेथेंच, आणि त्या सहसा लगेच ध्यानांतही येत नाहींत.

प्रथम हें पाहावें कीं, जिला रेघ म्हटलें ती वस्तुतः रेघच नव्हे. ती आंकड्यांची माळ आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अखंड वेळेचे संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत हातीं आले म्हणजे ते पोंचण्यास लागलेल्या वेळेच्या सूक्ष्म फरकावरून घड्याळ आपलें स्थान काढतें. पूर्वीं अमेरिकन सरकार लष्करी कारणांसाठीं सामान्य लोकांच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे. ती २ मे २००० पासून बंद झाली, आणि तेव्हांपासून हा धांवण्याचा हिशेब शक्य झाला. घड्याळ दर सेकंदास किंवा दर कांहीं सेकंदांस एकेक स्थान टिपतें: अक्षांश इतका, रेखांश इतका. मरीन ड्राइव्हवरील धांवणारा म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें १८.९४ उत्तर आणि ७२.८२ पूर्व. अक्षांशाच्या एका अंशाचें अंतर जवळजवळ १११ किलोमीटर असल्यामुळें दशांशचिन्हापुढील पांचव्या घरांतला आंकडा सुमारें एक मीटर दाखवितो. या एका गोष्टीवरूनच साधनाची जबाबदारी लक्षांत यावी. एखाद्यानें आळसानें तीनच घरें ठेवलीं, तर धांवणारा पन्नास मीटर सरकूं शकतो, आणि मरीन ड्राइव्हवर पन्नास मीटर सरकणें म्हणजे एक तर समुद्रांत पडणें, नाहीं तर कोणाच्या तरी दिवाणखान्यांत शिरणें होय.

याहून मोठी गंमत आंकड्यांच्या क्रमाची आहे. कोणी अक्षांश आधीं लिहितात, कोणी रेखांश. गूगलच्या नकाशांमुळें प्रसिद्धीस आलेल्या केएमएल या पद्धतींत रेखांश आधीं येतो. दुसऱ्या कित्येक ठिकाणीं अक्षांश आधीं. साधनानें हा क्रम पाळण्यांत चूक केली, तर आमच्या मरीन ड्राइव्हवरील गृहस्थाचा पत्ता ७२.८२ उत्तर आणि १८.९४ पूर्व असा होतो. नकाशा उघडून पाहावा: हें स्थान नॉर्वेंतील ट्रोम्सो शहराच्या उत्तरेस सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर, ऐन थंड समुद्रांत आहे. सुदैवानें ही चूक इतकी ढोबळ आहे कीं ती लपत नाहीं. जी चूक लपते तीच वाईट.

आंकड्यांची ही माळ ज्या कागदावर लिहावयाची, त्याचेही प्रकार आहेत. टोपोग्राफिक्स नांवाच्या कंपनीनें २००२ सालीं जीपीएक्स ही लेखनपद्धति प्रसिद्ध केली आणि २००४ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. तीच आजतागायत सर्वत्र चालते. तिचा मोठा गुण असा कीं ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. कोणत्याही संगणकावर ती फाइल उघडून माणसाला डोळ्यांनीं वाचतां येते. गार्मिन कंपनीची टीसीएक्स ही पद्धतिही वाचतां येते. त्याच घराण्यांतली फिट ही तिसरी पद्धति मात्र यंत्रासाठींच आहे. जागा वांचविण्यासाठीं तींत अंशांऐवजीं १८० अंशांचे २१४ कोटींहून अधिक भाग पाडून त्यांत स्थान मोजलेलें असतें. मरीन ड्राइव्हचा १८.९४ अक्षांश तेथें २२ कोटी ५९ लाखांवरचा एक आंकडा होऊन बसतो. वेळही तेथें ३१ डिसेंबर १९८९ च्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात, आणि इतर बहुतेक संगणकी व्यवहार १ जानेवारी १९७० पासून मोजतो. हा फरक मिळविण्यास जो विसरला, त्यानें २०२० सालीं धांवलेल्या माणसाला २००० सालीं धांवावयास लावलें असें समजावें.

एका पद्धतींतून दुसरींत नक्कल करणें हें काम मोडींतील कागद बाळबोधींत उतरविण्यासारखें आहे. मोडी लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसे. त्यामुळें बाळबोध मजकूर मोडींत उतरविला कीं तो भेद नाहींसा होतो, आणि पुन्हां बाळबोधींत आणतांना उतरविणाऱ्याला तो आपल्या समजुतीनें भरावा लागतो. भरलेला भेद बरोबर असेलही, पण तो मूळ कागदावरचा नव्हे. वाटांच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. प्रत्येक सेवेच्या वहींत कांहीं रकाने असतात, कांहीं नसतात. जो रकाना पलीकडे नाहीं, त्यांतला मजकूर गळतो. जो रकाना पलीकडे आहे पण अलीकडे नव्हता, तो कोऱ्या कागदावर कोणींतरी कल्पनेनें भरलेला असतो.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण वाट आणि धांव यांच्या घोटाळ्यांत सांपडतें. या दोन गोष्टी भिन्न आहेत. वाट म्हणजे जी आंखली, जिच्यावरून जावयाचें आहे. धांव म्हणजे जी घडली, जिला तारीख आहे, वेळ आहे, मध्यें पाणी पिण्यास थांबल्याची खूण आहे. जीपीएक्स पद्धतींत हा भेद काळजीपूर्वक केलेला आहे: सुटीं ठिकाणें वेगळीं, आंखलेली वाट वेगळी, आणि प्रत्यक्ष चाललेला माग वेगळा. परंतु टीसीएक्सच्या नियमांप्रमाणें मागावरील प्रत्येक बिंदूला वेळ असलीच पाहिजे. मग ज्या वाटेवरून अजून कोणीही धांवलेला नाहीं, तिला वेळ कोठून आणावी? साधन ती बनवितें. अमुक एक वेग गृहीत धरून पहिल्या बिंदूस आठ वाजले, दुसऱ्यास आठ वाजून चार सेकंद झाले, असा हिशेब तें स्वतःच लिहून टाकतें. रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नसली म्हणजे प्रामाणिक कारकुनाच्याही हातून असें घडतें. यांत गैर कांहीं नाहीं, जोंवर तो मार्ग मार्ग म्हणूनच राहतो. पण नव्या सेवेनें ती फाइल धांव समजून दाखल करून घेतली, तर न धांवलेले दहा किलोमीटर वर्षाच्या बेरजेंत जमा होतात, आणि कधींकधीं शेजाऱ्याचा विक्रमही मोडतात! गावस्कर खेळपट्टीवर न उतरतांच त्यांच्या नांवावर शतक लागावें, तशांतली ही गोष्ट. म्हणून चांगलें साधन बटन दाबण्यापूर्वीं विचारतें कीं, ही वाट आहे कीं धांव? जें विचारीत नाहीं त्यावर विसंबूं नये.

दुसरी गळती बिंदूंची. एका तासाच्या धांवेंत तीन हजार सहाशें बिंदू होऊं शकतात. पण कांहीं जुन्या यंत्रांत एका मार्गाला अडीचशें बिंदूंहून अधिक जागाच नसे, आणि आजही कित्येक सेवा माळ बरीच विरळ करून घेतात. विरळ करण्याची एक विचारी रीत डग्लस आणि पॉयकर या दोघांनीं १९७३ सालीं मांडली. तिचें तत्त्व सुताराच्या दोरीसारखें आहे. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमध्यें दोरी ताणावी. जो बिंदू दोरीपासून सर्वांत लांब असेल तो ठेवावा. तेथें दोरीचे दोन भाग करून पुन्हां तेंच करावें. आणि जे बिंदू दोरीच्या अगदीं जवळ राहतात ते टाकून द्यावे. वळणें राहतात, सरळ रस्त्यावरची गर्दी जाते. पण ज्या साधनांत ही रीत न योजतां नुसता दर दहावा बिंदू ठेवला जातो, त्यांत वळणेंच कापलीं जातात. याचें गणित शाळेंतल्या मुलाच्याही आवाक्यांतलें आहे. एका वर्तुळाकार मैदानाभोंवतींची वाट ४०० मीटर आहे असें समजा. तिच्यावर समान अंतरावर आठच बिंदू ठेवून ते सरळ रेषांनीं जोडले, तर लांबी ३९० मीटर भरते. चारच ठेवले तर ३६०. आठ बिंदूंच्या वाटेवर पंचवीस फेऱ्या मारणारा मनुष्य दहा किलोमीटर धांवतो, पण कागदावर त्याचे अडीचशें मीटर बुडतात. मॅरेथॉनसाठीं तयारी करणाऱ्याच्या दृष्टीनें ही कांहीं उपेक्षणीय तूट नव्हे.

उंचीच्या बाबतींत तर दोन सेवांचें एकमत होणें कठीणच. उपग्रहांवरून काढलेली उंची मूळचीच कच्ची असते. कांहीं घड्याळांत हवेच्या दाबावरून उंची सांगणारें यंत्र असतें. तें अधिक भरंवशाचें, पण पाऊस येण्यापूर्वीं दाब उतरला तर तेंही फसतें. तिसरी रीत अशी कीं, धांवणाऱ्याला कांहीं विचारूंच नये. त्याचें स्थान घ्यावें आणि तेथील जमिनीची उंची तयार नकाशांतून पाहावी. असा एक प्रसिद्ध नकाशा फेब्रुवारी २००० मध्यें एन्डेव्हर या अवकाशयानांतून रडारनें घेतला गेला. त्यांत जमिनीचे तीसएक मीटरांचे चौकोन कल्पून प्रत्येकाला एक उंची दिलेली आहे. सपाट मुलखांत हें ठीक चालतें. पण सिंहगडाच्या चढावर तीस मीटरांच्या एका चौकोनांत कडाही येतो आणि पायवाटही येते. नकाशा दोघांची सरासरी सांगतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूची कथा तर याहून नामी आहे. हा सेतु २००९ सालीं खुला झाला, आणि मुंबई मॅरेथॉनचे धांवपटू त्यावरून जातात. २००० सालच्या नकाशाला मात्र तेथें पाण्याशिवाय कांहीं दिसलेलें नाहीं. तेव्हां केवळ त्या नकाशावर विसंबणाऱ्या सेवेच्या हिशेबीं पुलाचा चढ चढून दमलेला मनुष्य समुद्रसपाटीवरून चालत गेलेला असतो. जुन्या वहींतला चढ आणि नव्या वहींतला चढ जुळला नाहीं, तर दोष बहुधा मधल्या साधनाचा नसतो. दोन पंचांगांतला तो फरक असतो.

आतां दाराचा प्रश्न. साधन त्रयस्थाचें, त्यानें एका सेवेंतून दप्तर काढून दुसरींत ठेवावयाचें, म्हणजे दोन्ही कुलपें त्याला उघडतां आलीं पाहिजेत. पूर्वीं कित्येक साधनें सरळ पासवर्डच मागून घेत. हें म्हणजे गड्याला कपाटांतली एक पेटी आणावयास सांगून घराच्या सर्व किल्ल्यांचा जुडगा हातीं देण्यासारखें होतें. २०१२ सालीं निश्चित झालेल्या ओऑथ या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीनें त्यावर तोड काढली आहे. साधन मालकाला जुन्या सेवेच्या दारीं नेऊन उभें करतें. मालक तेथें स्वतःची ओळख पटवितो, आणि ती सेवा साधनाला एक मर्यादित मुखत्यारपत्र देते: एवढ्याच वाटा वाचाव्या, इतकेच दिवस वाचाव्या, बदल कांहीं करूं नये. पासवर्ड साधनाच्या हातीं जातच नाहीं. काम झाल्यावर हें मुखत्यारपत्र रद्द करतां येतें. बहुतेक लोक तें रद्द करावयास विसरतात, आणि तीन वर्षांपूर्वींच्या कोणा साधनाला अजूनही रोजच्या धांवेची बातमी जात राहते. जें साधन आजही पासवर्ड मागतें, त्याला दारांतूनच परत पाठवावें.

या दप्तराची चोरी कोणी कां करील, असें एखाद्यास वाटेल. वाटेचा पहिला बिंदू कोठें असतो याचा विचार केला म्हणजे उत्तर मिळतें. तो धांवणाऱ्याच्या दारांत असतो. रोजच्या धांवेवरून घर कळतें, घरांतून बाहेर पडण्याची वेळ कळते, एकटें कोणत्या निर्जन वळणावरून जावें लागतें तें कळतें. नोव्हेंबर २०१७ मध्यें स्ट्राव्हा या सेवेनें जगभरच्या धांवांचा एकत्रित, नांवें वगळलेला नकाशा प्रसिद्ध केला. तो दिसावयास सुंदर होता. जानेवारी २०१८ मध्यें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, ओसाड वाळवंटांतही त्यांत उजळ रेघा दिसतात, आणि त्या लष्करी तळांच्या आंत व्यायाम करणाऱ्या शिपायांच्या आहेत. जेथें एका सैन्याचें गुपित राहिलें नाहीं, तेथें पहांटे अंधारांत धांवावयास निघणाऱ्या एकट्या स्त्रीचें काय राहणार? म्हणून शहाण्या सेवा घराभोंवतींचा कांहीं भाग झांकून ठेवण्याची सोय देतात. स्थलांतरांतली खरी धास्ती येथें आहे. झांकण हा जुन्या सेवेचा गुण असतो, वाटेचा नसतो. फाइल बाहेर पडली कीं मागच्या घरीं झांकलेला उंबरठा तींत उघडा असतो, आणि खासगी म्हणून केलेली खूणही कित्येकदां बरोबर येत नाहीं. नव्या घरीं सर्व वाटा सर्वांस दिसाव्या, असा मुळांतला नियम असेल तर दोनशें उंबरठे एका मिनिटांत चव्हाट्यावर येतात. तेव्हां क्रम असा ठेवावा: आधीं नव्या सेवेंत सर्व कांहीं खासगी राहील अशी योजना करावी, घराभोंवतींचें झांकण तेथें पुन्हां घालावें, आणि मगच बटन दाबावें. हा क्रम उलटा केल्यास सुधारणा करतां येते. पण ज्यानें मधल्या वेळांत पाहिलें त्याच्या डोळ्यांतून तें काढून घेतां येत नाहीं.

सेवा चालविणाऱ्या कंपन्यांना ही ने-आण मनापासून आवडते असें नाहीं. ज्याच्या दहा वर्षांच्या वाटा एका ठिकाणीं आहेत, तो सहसा दुकान बदलीत नाहीं, हें त्यांना ठाऊक असतें. म्हणून बाहेरचें दार अरुंद ठेवण्याकडे कल असतो: एकेक वाट हातानें काढतां येईल, सर्व एकदम काढतां येणार नाहींत, पंधरा मिनिटांत इतक्याच मागण्या पुऱ्या होतील, पुढच्यांनीं थांबावें. नोव्हेंबर २०२४ मध्यें स्ट्राव्हानें त्रयस्थ साधनांवरील आपले नियम कडक केले. एका सभासदाची माहिती त्रयस्थ साधनानें त्या सभासदाखेरीज इतरांस दाखवूं नये, असें ठरविलें. खासगीपणाच्या दृष्टीनें त्याचें समर्थन करतां येतें. पण शिष्याची धांव गुरूला दाखविणारीं कित्येक साधनें त्यामुळें अडचणींत आलीं, हेंही खरें. युरोपांत कायद्यानें मालकाची बाजू घेतली आहे. २५ मे २०१८ पासून तेथें लागू असलेल्या नियमांचें २० वें कलम सांगतें कीं, ज्यानें माहिती दिली त्याला ती यंत्रास वाचतां येईल अशा प्रचलित स्वरूपांत परत मिळाली पाहिजे, आणि शक्य असेल तेथें सरळ दुसऱ्या सेवेकडे पाठवितां आली पाहिजे. भारतांत २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत असा हक्क होता. २०२३ सालीं संमत झालेल्या कायद्यांत तो उरला नाहीं. पुण्याच्या धांवपटूला आपली वही मागण्याचा जो अधिकार कोपनहेगनच्या धांवपटूइतका असावयास हवा होता, तो तूर्त कंपनीच्या सौजन्यावर अवलंबून आहे.

त्यामुळें साधन वापरणाऱ्यानें आणखी एक काम करावें हें बरें. वाटा या घरांतून त्या घरांत जात असतांना त्यांची एक प्रत आपल्या स्वतःच्या संगणकांत उतरवून घ्यावी. जीपीएक्सचीच घ्यावी, कारण ती उद्यां कोणतीही कंपनी नसली तरी वाचतां येईल. जुलै २०२० मध्यें गार्मिनच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हां तिची नोंदवही कित्येक दिवस बंद होती. ज्यांच्याजवळ घरची प्रत होती, ते त्या दिवसांत निश्चिंत होते. शंभर वाटांच्या अशा फाइलींना फोनमधल्या थोड्याशा छायाचित्रांइतकीही जागा लागत नाहीं.

नक्कल झाल्यावर ती तपासावी कशी, हेंही थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. सर्व वाटा उघडण्याचें कारण नाहीं. एक सर्वांत लांब, एक पुष्कळ वळणांची, एक घरापासून निघून घरींच परतणारी, अशा तीन घ्याव्या. लांबी जुन्या आंकड्याशीं ताडून पाहावी. शेंकडा एकाचा फरक चालेल, तीनांचा चालूं नये. एकच वाट दोनदां आलेली नाहीं ना, हें यादींत पाहावें. विशेषतः दोन सेवा एकमेकींस आपोआप जोडलेल्या असतील, तर वाट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अशा येरझारा घालून स्वतःच्याच प्रती वाढवीत राहते. आणि शेवटीं नांवें पाहावीं. लोक आपल्या वाटांना नांवें देतात, आणि तीं पुष्कळदां मराठींत असतात: "पावसाळ्यांतली वाट", "आईच्या घरावरून", "गुडघा दुखत असेल तेव्हां". अक्षरांश, रेखांश कोणत्याही यंत्रास कळतात. ही माहिती त्या एका माणसालाच कळते, म्हणून ती गेली तर भरून देणारा कोणी नाहीं. नवें घड्याळ देवनागरी न जाणणारें असलें, तर तेथें नांवाच्या जागीं रिकामे चौकोन ओळीनें उभे राहिलेले दिसतात. तेवढ्यावरून घाबरूं नये. घरच्या प्रतीची फाइल संगणकावर उघडावी. आरंभींच्या कांहीं ओळींत, आंकड्यांची माळ सुरू होण्याच्या थोडें आधीं, तें नांव बहुधा जसेंच्या तसें लिहिलेलें असतें.